प्रत्यारोपणानंतरचं पहिलं वर्ष : सीएमव्ही, बीके आणि मधली टॅक लेव्हल

किडनी बसवली, लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) दीडच्या खाली आलं आणि पेशंट घरी गेला की सर्जनचं काम बहुतांशी संपतं. आमच्या फॉलोअप ओपीडीचं काम तिथून सुरू होतं. पहिल्या वर्षात आम्ही रिजेक्शनवर, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्यावर, जेवढं लक्ष ठेवतो तेवढंच सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि बीके या विषाणूंवरही ठेवतो, कारण हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. नवी किडनी परकी आहे हे ओळखतात त्याही टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), आणि विषाणू शिरलेली पेशी ओळखून मारतात त्याही टी पेशीच. रिजेक्शन टाळणाऱ्या गोळ्यांना त्यांच्यातला फरक कळत नाही. टॅक्रोलिमस (बोलताना 'टॅक') टी पेशीच्या आतलं कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे पेशींना वाढायला सांगणारा आयएल-२ पुरेसा तयार होत नाही. मायकोफेनोलेट लिम्फोसाइटना डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल तोडतं. प्रेडनिसोलोन सगळ्याच दाहावर पाणी टाकतं. किडनी टिकते ती यामुळेच, आणि वर्षानुवर्षं शरीरात गपगुमान पडून राहिलेले विषाणू डोकं वर काढतात तेही यामुळेच.

म्हणून विषाणूचा रिपोर्ट हातात आला की आमच्या टेबलावर पहिला प्रश्न असतो तो प्रतिकारशक्ती आत्ता किती दाबलेली आहे आणि ती किती मोकळी सोडता येईल हा. औषध कुठलं, ते त्यानंतर. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

शस्त्रक्रियेआधीचा कागद

सुरुवात ऑपरेशनच्या आधीच होते. डोनर आणि पेशंट दोघांच्या सीएमव्ही आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे विषाणू आधी होऊन गेल्याची खूण, तपासायच्या. हे रक्त पेशंटला रक्ताची पिशवी चढवण्याआधी घ्यावं, कारण चढवलेल्या रक्तातून दुसऱ्याच्या अँटिबॉडी येतात आणि निगेटिव्ह माणूस काही काळ पॉझिटिव्ह दिसतो. डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन सहावर आलं म्हणून रक्त दिलं आणि चार दिवसांनी सेरॉलॉजी (हीच अँटिबॉडीची तपासणी) पाठवली, असं झालेलं असेल तर त्या पॉझिटिव्हवर आम्ही भिस्त ठेवत नाही.

भारतात ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे आई डोनर आणि मुलगा पेशंट, किंवा बायको डोनर आणि नवरा पेशंट अशा जोडीत दोघंही पॉझिटिव्ह असणं हेच नेहमीचं. असा पेशंट मध्यम जोखमीचा. त्याच्या टी पेशींना हा विषाणू जुना ओळखीचा आहे. निरोगी पॉझिटिव्ह माणसाच्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी १० टक्के एकट्या सीएमव्हीसाठी राखून ठेवलेल्या असतात. एका विषाणूवर शरीर एवढा खर्च करतं, यावरून त्याला आवरणं किती कष्टाचं आहे ते कळावं. सर्वांत जास्त जोखीम असते ती डोनर पॉझिटिव्ह आणि पेशंट निगेटिव्ह या जोडीत. तिथे विषाणू किडनीबरोबर येतो आणि त्याला ओळखणारी एकही पेशी घरात नसते. लहान मुलांच्या प्रत्यारोपणात ही जोडी वरचेवर दिसते. अमेरिकेत किंवा युरोपात वाढलेल्या, तिथेच प्रत्यारोपण झालेल्या मराठी पेशंटमध्येही ती आपल्यापेक्षा जास्त सापडते, कारण तिथे पॉझिटिव्ह लोकांचं प्रमाण बरंच कमी आहे.

याच कागदावर इंडक्शनचं औषध, म्हणजे प्रत्यारोपणाच्या वेळी प्रतिकारशक्ती दाबायला दिलेलं इंजेक्शन, लिहितात. बॅसिलिक्सिमॅबचे २० मिलिग्रॅमचे दोन डोस, शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी, एवढंच दिलं असेल तर विषाणूंच्या बाजूने फारसा फरक पडत नाही. अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन, म्हणजे ज्याला सगळे एटीजी म्हणतात, ते दिलं असेल तर टी पेशींची संख्याच तळाला जाते आणि भरून यायला महिने लागतात. दोघंही पॉझिटिव्ह, पण एटीजी मिळालेलं, अशा पेशंटला आम्ही वरच्या जोखमीत धरूनच चालतो. पुढे रिजेक्शनसाठी एटीजी द्यावं लागलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि बंद केलेली सीएमव्हीची प्रतिबंधक गोळी पुन्हा सुरू करावी लागते. हे विसरलं की दोन महिन्यांनी ताप ठरलेला.

हेपेटायटिस बीचे डोस, कांजिण्यांची लस, एमएमआर यांचा विचारही इथेच व्हायला हवा. जिवंत विषाणूच्या लसी प्रत्यारोपणानंतर देता येत नाहीत. त्या शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी संपवाव्या लागतात. डायलिसिसच्या काळात हे कुणी बोललं नाही तर ती संधी कायमची जाते.

रक्त घेतानाचे घोळ

विषाणूंविषयी बोलण्याआधी टॅक लेव्हलविषयी बोलायला हवं, कारण सगळे निर्णय त्या आकड्याला धरून होतात आणि तो आकडा चुकणं फार सोपं आहे.

टॅक्रोलिमसची लेव्हल म्हणजे पुढचा डोस घेण्याच्या आधीची, सर्वांत खालची पातळी. रात्री आठला गोळी घेतली असेल तर सकाळी आठला रक्त द्यायचं, आणि गोळी रक्त दिल्यावर. पेशंट गावाहून सहाच्या एसटीने निघतो, सवयीने गोळी घेऊन निघतो, आणि दहाला रक्त देतो. गोळीनंतर एक ते तीन तासांत पातळी शिखरावर असते. खरी पातळी ७ असताना रिपोर्टवर १५ येतं. ते पाहून कुणी डोस कमी केला तर आठवडाभरात खरी पातळी ४ वर आलेली असते आणि रिजेक्शनला वाट मोकळी झालेली असते. म्हणून आमच्याकडे नमुना घेणारी सिस्टर आधी विचारते, 'काका, सकाळची गोळी खिशात आहे की पोटात?' पोटात असेल तर त्या दिवशी लेव्हल घेतच नाही. क्रिएटिनिन घेतो, लेव्हलसाठी दुसऱ्या दिवशी बोलावतो. पहिल्या तीन महिन्यांत लेव्हल साधारण ८ ते १० नॅनोग्रॅम आणि वर्ष भरत येताना ५ ते ८ अशी ठेवतात. केंद्राप्रमाणे यात थोडं इकडेतिकडे होतं.

नळ्यांचंही तसंच. टॅक लेव्हल आणि विषाणूची पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) दोन्ही जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असतं आणि हेपारिन पीसीआरच्या प्रक्रियेत अडथळा आणतं. मग विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. तालुक्याच्या लॅबमधून पुण्या-मुंबईला पीसीआरचा नमुना पाठवताना प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा करून बर्फात पाठवणं चांगलं. सगळ्यांत मोठा घोळ मात्र वेगवेगळ्या लॅबमुळे होतो. एक लॅब कॉपीज प्रति मिलिलिटर लिहिते, दुसरी आंतरराष्ट्रीय युनिट लिहिते. एक प्लाझ्मावर करते, दुसरी संपूर्ण रक्तावर, आणि संपूर्ण रक्तातला आकडा सहसा मोठा येतो. पेशंट दोन रिपोर्ट शेजारी ठेवून म्हणतो, विषाणू दहापट वाढला. वाढलेला नसतोच. पहिल्या दिवशी जी लॅब, जो नमुना, जे एकक, तेच शेवटपर्यंत. आणि त्याच लॅबमध्येसुद्धा आकडा साधारण तिप्पट झाला किंवा तिसऱ्या हिश्श्यावर आला तरच आम्ही तो खरा बदल धरतो. १,२०० चे २,५०० झाले तर ती चाचणीची नेहमीची वरखाली असू शकते. १,२०० चे ६,००० झाले तर विषाणू खरोखर वाढतो आहे.

सीएमव्ही

सीएमव्हीला आवरायच्या दोन रीती आहेत. एक, सगळ्यांना ठरावीक काळ व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध प्रतिबंधासाठी द्यायचं. दुसरी, गोळी न देता पहिले तीन-चार महिने दर आठवड्याला पीसीआर करायची आणि विषाणू ठरलेल्या रेषेवर गेला की लगेच उपचार सुरू करायचे. दुसरी रीत कागदावर छान आहे. पण दर आठवड्याला रक्त देणं आणि त्याच आठवड्यात रिपोर्ट मिळणं ज्याला जमणार आहे त्याच्यासाठीच. गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या पेशंटला आम्ही ती सुचवणार नाही.

प्रतिबंधाचा काळ पॉझिटिव्ह पेशंटला साधारण तीन महिने आणि डोनर पॉझिटिव्ह-पेशंट निगेटिव्ह जोडीत सहा महिने. सहा महिन्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्पॅक्ट चाचणीत याच जोडीच्या पेशंटना १०० दिवस आणि २०० दिवस अशी तुलना झाली. वर्षाच्या शेवटी सीएमव्हीचा आजार पहिल्या गटात सुमारे ३७ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात १६ टक्क्यांना झालेला होता. म्हणजे २०० दिवस देऊनही सहातल्या एकाला आजार होतोच, आणि तो बहुतेकदा गोळी थांबल्यानंतर. याचं कारण प्रतिकारशक्तीतच आहे. गोळी विषाणूला इतकं दाबून ठेवते की टी पेशींची त्याच्याशी नीट गाठच पडत नाही. गोळी थांबते तेव्हा पेशंट सीएमव्हीच्या बाबतीत अजून कोराच असतो. म्हणून गोळी बंद झाल्यावरचे तीन महिने आम्हाला गोळी चालू असतानापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. पेशंटला मात्र तेव्हाच सुटल्यासारखं वाटत असतं.

डोस ठरतो किडनीच्या कामावर, आणि खरी गफलत इथेच होते. ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज) ६० किंवा वर असेल तर प्रतिबंधासाठी रोज ९०० मिलिग्रॅम, ४० ते ५९ ला रोज ४५०, २५ ते ३९ ला दिवसाआड ४५०, आणि १० ते २४ ला आठवड्यातून दोनदा ४५०. उपचाराचा डोस बरोबर दुप्पट : ६० च्या वर ९०० दिवसातून दोनदा, ४० ते ५९ ला ४५० दोनदा, २५ ते ३९ ला ४५० एकदा. एक हिशेब करून दाखवतो. वय ४०, वजन ५४ किलो, पुरुष, क्रिएटिनिन १.५. कॉक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने १४० मधून ४० वजा, म्हणजे १००. त्याला ५४ ने गुणा, ५,४००. भागिले ७२ गुणिले १.५, म्हणजे १०८. उत्तर ५०. उपचाराचा डोस ४५० दोनदा. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वर आलं. आता ५,४०० भागिले ८६.४, म्हणजे ६२. डोस ९०० दोनदा व्हायला हवा. पण जुनी चिठ्ठी तशीच चालू राहते, पेशंट निम्म्या डोसवर राहतो आणि विषाणू निम्म्या औषधात वाढत राहतो. औषधाला न जुमानणारा सीएमव्ही तयार होतो तो बहुधा अशा कमी डोसमधून. उलटही घडतं. जुलाबाने शरीरातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन २ वर गेलं आणि डोस ९०० दोनदाच राहिला तर औषध रक्तात साठतं आणि अस्थिमज्जा झोपते, म्हणजे रक्तपेशी बनणं मंदावतं. म्हणून व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर चालू असेपर्यंत प्रत्येक क्रिएटिनिनला डोसचा हिशेब नव्याने करायचा.

किमतीमुळे अनेक ठिकाणी ईजीएफआर चांगला असूनही सगळ्यांना रोज ४५० देतात. पॉझिटिव्ह पेशंटमध्ये ते बहुतेकदा निभावून जातं. निगेटिव्ह पेशंटला पॉझिटिव्ह किडनी मिळाली असेल तर आमच्या मते ती काटकसर महाग पडते.

गोळी जेवणासोबत घ्यायची, तोडायची किंवा कुटायची नाही. गर्भाला अपाय करू शकणारं औषध आहे, त्यामुळे तुटकी गोळी घरातल्या गरोदर बाईने हाताळू नये. पेशंट स्त्री असेल तर गर्भनिरोधन हवंच, पुरुषानेही औषध थांबल्यावर ९० दिवस काळजी घ्यायची. हे संकोचापोटी सांगायचं राहतं.

आता आजार कसा दिसतो ते. पुस्तकातलं चित्र म्हणजे ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, लिव्हरची एन्झाइम थोडी वाढलेली. प्रत्यक्षात किडनीच्या पेशंटमध्ये सीएमव्ही सर्वाधिक दिसतो तो पोटात. भूक नाही, मळमळ, जुलाब, वजन उतरतं. ताप असेलच असं नाही, कारण ताप आणणारी प्रतिकारशक्तीच दाबलेली आहे.

जुलाबांवर जरा थांबू या, कारण सगळ्यांत जास्त नुकसान आम्ही इथे पाहतो. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात. त्यामुळे 'गोळीची गरमी' म्हणून पेशंट ती परस्पर अर्धी करतो, किंवा बाहेरचे डॉक्टर करून देतात. दरम्यान आतड्याच्या अस्तराला इजा झालेली असते. एरवी हे अस्तर टॅक्रोलिमसचा बराच भाग मोडून टाकतं किंवा परत बाहेर ढकलतं. ते काम थांबलं की जास्त टॅक्रोलिमस रक्तात शिरतं आणि तोच डोस असताना लेव्हल ८ वरून १६ वर जाते. जास्त टॅकने किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, वर पाणी कमी झालेलं, म्हणून क्रिएटिनिन चढतं. क्रिएटिनिन चढलं म्हणून व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर साठतं आणि पांढऱ्या पेशी पडतात. चार दिवसांच्या जुलाबांत एवढी साखळी तयार होते. म्हणून जुलाब तीन दिवसांपेक्षा जास्त टिकले तर आम्ही एकाच दिवशी टॅक लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीबीसी, सीएमव्ही पीसीआर आणि शौचाची तपासणी पाठवतो. शौचात जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, आणि जमलं तर नोरोव्हायरस. निरोगी माणसात दोन-तीन दिवसांत जाणारा नोरोव्हायरस या पेशंटमध्ये महिनोन्‌महिने राहू शकतो. आणि हे लक्षात ठेवावं की पोटातल्या सीएमव्हीत रक्ताची पीसीआर कधी कधी निगेटिव्ह येते. संशय पक्का असेल तर कोलोनोस्कोपी करून तुकडा घ्यावा लागतो. त्यात घुबडाच्या डोळ्यासारखे मोठे केंद्रक दिसले किंवा इम्युनो रंगाने सीएमव्ही उजळला तर निदान झालं.

उपचार : गंभीर आजार नसेल आणि पोटात औषध टिकत असेल तर व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर तोंडावाटे. २००७ च्या व्हिक्टर चाचणीनंतर यावर फारसा वाद उरलेला नाही. उलट्या, तीव्र जुलाब, न्यूमोनिया असेल तर शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर, ५ मिलिग्रॅम प्रति किलो, दर १२ तासांनी, तासाभरात सावकाश, तेही ईजीएफआरप्रमाणे कमी करून. किमान दोन आठवडे, आणि त्यापुढे लक्षणं जाऊन आठवड्याच्या पीसीआरमध्ये विषाणू रेषेखाली येईपर्यंत. पहिल्या आठवड्यात आकडा तसाच राहिला किंवा जरा वाढला तरी घाबरायचं नाही. योग्य डोसमध्ये दोन आठवडे पूर्ण होऊनही दहापट घट नसेल तर मात्र विषाणूच्या यूएल९७ आणि यूएल५४ या जीन्सची तपासणी. त्यात बदल सापडला तर फॉस्कार्नेट, जे किडनीला स्वतःच त्रास देतं, किंवा मारिबाव्हिर. मारिबाव्हिर आणि गॅन्सिक्लोव्हिर एकत्र द्यायचे नाहीत. गॅन्सिक्लोव्हिर कार्यक्षम व्हायला विषाणूचं यूएल९७ एन्झाइम लागतं आणि मारिबाव्हिर तेच बंद पाडतं.

उपचार चालू असताना पांढऱ्या पेशी पडल्या तर कुणाला आधी थांबवायचं हा नेहमीचा पेच. पेशी सीएमव्हीमुळेच पडल्या आहेत का ते आधी पाहायचं. असं असेल तर औषध थांबवणं म्हणजे आगीत तेल. मग कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक बदलता येतं का, मग मायकोफेनोलेट कमी करता येतं का. न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले तर त्या वाढवणारं फिलग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली. व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिरचा डोस 'थोडा थोडा' कमी करत नेणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. द्यायचं तर पूर्ण डोसमध्ये, नाहीतर थांबवून दर आठवड्याला पीसीआर.

बीके

सीएमव्हीसाठी निदान औषध तरी आहे. बीकेसाठी नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाने तो रोखता येईल अशी आशा होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही उपयोग दिसला नाही, उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढले. लेफ्लुनोमाइड, सिडोफोव्हिर, इम्युनोग्लोब्युलिन अशी नावं अजून ऐकू येतात, पुरावा तोकडा आहे. इथे विषाणू जातो तो पेशंटच्या स्वतःच्या टी पेशींमुळेच, आणि आपल्या हातात फक्त त्यांच्यावरचा दाब कमी करणं असतं. म्हणून प्रतिकारशक्तीचा हिशेब बीकेमध्ये सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

१९७१ मध्ये लंडनमध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा विषाणू पहिल्यांदा सापडला. लहानपणी बहुतेक सगळ्यांना तो होऊन जातो आणि किडनीत, मूत्रमार्गाच्या अस्तरात शांत राहतो. प्रत्यारोपणानंतर आधी लघवीत येतो, काही आठवड्यांनी रक्तात, आणि तिथेही दुर्लक्ष झालं तर किडनीच्या ऊतींना इजा करतो. शेवटच्या पायरीपर्यंत जाणारे १ ते १० टक्के. या सगळ्या प्रवासात पेशंटला काहीही होत नाही. ताप नाही, जळजळ नाही, लघवी भरपूर. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी ठरलेल्या तारखेलाच : पहिले नऊ महिने दर महिन्याला प्लाझ्माची बीके पीसीआर, नंतर दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी. 'मला तर काहीच त्रास नाही, कशाला पाच हजार घालवू' हे वाक्य नेमकं याच चाचणीबाबत ऐकायला मिळतं. काही त्रास नसतानाच ती करायची असते.

लघवीची पीसीआर केली तर आकडा कोटींमध्ये येतो आणि घरच्यांची झोप उडते. लघवीत कोटींनी विषाणू असूनही रक्तात एकही नसणं अगदी शक्य आहे. त्यावरून औषधं कमी करायची नाहीत. लघवीत दिसणाऱ्या डिकॉय पेशींचंही (विषाणू शिरलेल्या अस्तराच्या पेशी) तेच : तपासणी स्वस्त आहे, पण किडनीला इजा झाली का ते तिच्यातून कळत नाही. निर्णय प्लाझ्मावर. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा १,००० कॉपीजच्या वर आला, किंवा एकदाच १०,००० च्या वर गेला, की पावलं उचलायची.

पहिलं पाऊल बहुतेक ठिकाणी मायकोफेनोलेट निम्मं करणं. काही केंद्रं आधी टॅक खाली आणतात. दोन्ही रीती मान्य आहेत, एकाच दिवशी दोन्ही मात्र नको. दर दोन ते चार आठवड्यांनी पीसीआर. महिनाभरात दहापट घट नसेल तर मायकोफेनोलेट पूर्ण बंद, टॅक लेव्हल ३ ते ५ कडे. इथे घाई करणारे दोन प्रकारे फसतात. कुणी आठवड्यात आकडा उतरला नाही म्हणून सगळंच कमी करतं. टी पेशी उभ्या राहायला आठवडे लागतात, महिनेही लागतात, आणि तोवर रिजेक्शन दाराशी येतं. कुणी आकडा उतरू लागल्याबरोबर औषधं पूर्ववत करतं आणि विषाणू परततो. दाब कमी केलेल्या काळात दर भेटीला क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, आणि पुढे डोनरविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी आम्ही चुकवत नाही. बीके गेला आणि सहा महिन्यांनी अँटिबॉडीने किडनी धरली असं व्हायला नको.

सगळ्यांत कठीण प्रसंग : क्रिएटिनिन १.२ वरून १.७, आणि बीके पॉझिटिव्ह. हे बीकेमुळे की रिजेक्शनमुळे? बायोप्सीशिवाय उत्तर नाही. तुकडे दोन घ्यावेत आणि त्यांत किडनीचा आतला भाग, मेड्युला, यायलाच हवा. बीके ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि बहुधा मेड्युलात आधी दिसतो, त्यामुळे वरवरचा एकच तुकडा निर्दोष दिसू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजारांत लिम्फोसाइट नलिकांच्या भिंतीत घुसलेले दिसतात. फरक दाखवतो तो एसव्ही४० चा रंग : विषाणू असलेली केंद्रकं तपकिरी उठतात. बायोप्सीच्या अर्जावर 'बीके पॉझिटिव्ह, एसव्ही४० करावं' असं ठळक लिहून पाठवा. नाहीतर पॅथॉलॉजिस्ट रिजेक्शन कळवेल, पेशंटला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे ५०० मिलिग्रॅमचे तीन डोस मिळतील आणि मोकळं रान मिळालेला विषाणू किडनी खाऊन टाकेल.

मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, हाही बीकेची जोखीम वाढवतो. तो काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर असते आणि अनेकदा तिथेच राहते. आणि एक गोष्ट बीकेने किडनी गेलेल्या पेशंटला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी : रक्तातून विषाणू गेल्यावर दुसरं प्रत्यारोपण करता येतं आणि ते चांगलं चालतं. दार बंद होत नाही.

घरी आणि गावाकडे

बाकीचे विषाणू थोडक्यात. इन्फ्लुएन्झाची निष्क्रिय लस दरवर्षी. नागीण उठली तर वाट न पाहता दोन-तीन दिवसांच्या आत औषध. घरात कांजिण्या आल्या आणि पेशंटला त्या कधी झालेल्या नसतील तर पुरळ उठायची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी फोन. घरातल्या बाळाला पोलिओची लस थेंबांऐवजी इंजेक्शनची द्यावी. रोटाव्हायरसचे थेंब द्यावेतच, पण लसीतला विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. तेवढे चार आठवडे लंगोट दुसऱ्या कुणी बदलावे. लस घेतली म्हणजे संरक्षण मिळालंच असं या पेशंटमध्ये धरता येत नाही. कोविड लसीचे दोन डोस घेतलेल्या अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांत, २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जेमतेम निम्म्यांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. त्यामुळे लस पेशंटला आणि घरातल्या सगळ्यांना.

पावसाळ्यानंतर डेंग्यू. ताप नावापुरता आणि प्लेटलेट झपाट्याने खाली, असं या पेशंटमध्ये होऊ शकतं. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंग्यूची चाचणी, रोज सीबीसी आणि क्रिएटिनिन. डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून सीएमव्हीचा विचार सोडायचा नाही, दोन्हीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात.

गावातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर फाइलचं पहिलं पान त्यांच्या हातात द्या. त्यावर प्रत्यारोपणाची तारीख, डोनर-पेशंटची सीएमव्ही सेरॉलॉजी, इंडक्शन, शेवटच्या तीन टॅक लेव्हल तारखेसह, नेहमीचं क्रिएटिनिन आणि चालू डोस. खाली मोठ्या अक्षरांत : डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, तत्सम वेदनाशामक नको. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी टॅक वाढतं, रिफाम्पिसिनने कोसळतं, देण्याआधी फोन करा. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. सलाइन लावायचं झालं तर गोळ्या बंद करू नका. उलटी गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत झाली तर डोस पुन्हा द्यायचा का हे प्रत्यारोपण टीमला विचारा. आणि पेशंटचं नेहमीचं क्रिएटिनिन १.१ असेल तर १.४ हा आकडा छापील रेंजच्या जवळपास दिसतो म्हणून घरी पाठवू नका. त्याच्यासाठी ती पाव हिश्श्याहून जास्त वाढ आहे, आणि त्याच दिवशी टॅक लेव्हल व दोन्ही विषाणूंच्या पीसीआरचं रक्त जायला हवं.